देवांचे दोष आणि देवींचे दुःख

ग्रीक देव दुराचारी आहेत, हा आक्षेप ग्रीकांनीच प्रथम घेतला. इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीस झेनोफेनीझने होमर व हेसिअड या दोघांवर असा ठपका ठेवला की, चोरी, व्यभिचार, परस्परांची फसवणूक अशा ज्या ज्या गोष्टी माणसांत निंद्य ठरतात त्या सर्व त्यांनी देवांच्या माथी मारल्या. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या व तिसऱ्या खंडांत हाच मुद्दा शिक्षणाच्या अंगाने पुढे नेला आणि आपल्या आदर्श नगरातून या कथांना रजा दिली. उलट पक्षी, देवांची भांडणे म्हणजे पंचमहाभूतांचा संघर्ष होय, असे रूपकात्मक समर्थनही त्याच काळापासून चालत आले आहे. गेल्या शतकात या दोन्ही मतांची जागा एका तिसऱ्या, अधिक सोयीस्कर मताने घेतली. देव सदोष आहेत म्हणूनच ते मानवी वाटतात व मानवी वाटतात म्हणूनच प्रिय होतात, असे आता सर्रास म्हटले जाते. आणि हेच विधान नॉर्स देवांनाही जसेच्या तसे लावले जाते.

या मताने वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या पदरी फारसे काही पडत नाही. दोष दोन्हीकडे आहेत हे उघड आहे. झ्यूस लंपट आहे, ओडिन शपथ मोडणारा आहे. अरीज रक्तपिपासू आहे, थॉर शीघ्रकोपी आहे. दोषांच्या अशा याद्या कितीही लांबविता येतील. परंतु एखाद्या पुराणकथेचे स्वरूप तिच्यातील देवांत कोणते दोष आहेत यावरून ठरत नाही. त्या दोषांचे मोल कोण चुकविते, हा प्रश्न विचारला म्हणजे ग्रीक व नॉर्स या दोन कथाविश्वांमधील अंतर दिसू लागते. हे मोल ज्यांच्या दुःखातून मोजता येते अशा व्यक्ती दोन्हीकडे बहुधा देवीच आहेत. वाचकांच्या व कवींच्या मनात काही देवींनी जे विशेष स्थान मिळविले आहे, त्याचे कारण त्यांच्या सद्गुणांपेक्षा येथे शोधणे अधिक फलदायी ठरेल.

प्रथम 'इलियड'कडे वळावे. पाचव्या सर्गात डायोमीडीझ हा मर्त्य योद्धा अ‍ॅफ्रोडाइटीच्या हाताला जखम करतो. ती रडत ऑलिंपसवर जाते, तिची माता डायोनी जखम पुसते व वेदना थांबते. झ्यूस स्मित करतो. त्याच सर्गात अरीजच्या पोटात भाला शिरतो. त्याचा आक्रोश दोन्ही सैन्यांना ऐकू जातो. पण देवांचा वैद्य औषध लावतो, हीबी त्याला स्नान घालते आणि तो पुन्हा ऐटीत पित्याच्या शेजारी जाऊन बसतो. एकविसाव्या सर्गातील देवांच्या युद्धात हेरा आर्टेमिसचे दोन्ही मनगट एका हाताने धरून तिच्याच धनुष्याने तिच्या कानशिलांवर मारते, आणि मारताना हसते. झ्यूस तर हे युद्ध सुरू होतानाच मनातून सुखावलेला असतो. या प्रसंगांच्या मागे व पुढे माणसे मरत असतात, आणि प्रत्येक मरणाऱ्याचे नाव, त्याचा पिता, त्याचे गाव होमर सांगतो. देवांच्या जखमा मात्र त्याच दिवशी भरून येतात.

देवांचे हे हास्य होमरने निष्काळजीपणाने योजिलेले नाही. चौथ्या सर्गात त्याची किंमत स्पष्ट होते. ट्रॉयचा नाश व्हावा म्हणून हेरा झ्यूसशी सौदा करते: अरगॉस, स्पार्टा व मायसीनी ही तिची तीन लाडकी नगरे, झ्यूसला वाटेल तेव्हा त्याने खुशाल उद्ध्वस्त करावीत, ती आड येणार नाही. पतिपत्नींच्या कलहात तडजोड होते ती अशी. दोघांपैकी कोणाचेही काही जात नाही, जातात ती नगरे. आणि ही नगरे तिला अप्रिय आहेत असेही नाही, हे विशेष लक्षात घ्यावयास हवे. बाविसाव्या सर्गात अथीना हेक्टरच्या भावाचे रूप घेऊन त्याला फसविते व अकिलीझच्या भाल्यापुढे उभा करते. युक्ती, संयम व शिल्प यांची ही अधिदेवता वाचकांना सर्वांत प्रिय असते, आणि 'ओडिसी'च्या तेराव्या सर्गात इथाकाच्या किनाऱ्यावर ओडिसिअसच्या थापा ऐकून ती ज्या कौतुकाने हसते तो प्रसंग खरोखरच मोहक आहे. तथापि हेक्टरला फसविणारी व ओडिसिअसला कुरवाळणारी अथीना एकच आहे, आणि दोन्ही ठिकाणी तिला स्वतःला काहीही गमवावे लागलेले नाही. तिच्याविषयी वाटणारी आवड ही विजयी पक्षाविषयीची आवड आहे, असे म्हटले तर ते अगदीच अन्यायाचे होणार नाही.

युरिपिडीझला ही गोष्ट पुरती उमगली होती. इ. स. पूर्व ४२८ मध्ये प्रथम पारितोषिक मिळविणाऱ्या 'हिपॉलिटस' या त्याच्या नाटकात अ‍ॅफ्रोडाइटी स्वतःचा अवमान झाला म्हणून तरुण हिपॉलिटसचा नाश घडवून आणते. त्यासाठी निरपराध फीड्राचाही बळी जातो. हिपॉलिटस ज्या आर्टेमिसचा अनन्य भक्त आहे ती अखेरीस येते, सत्य उघड करते, आणि एका देवाने दुसऱ्याच्या इच्छेस आडकाठी करू नये हा देवांचा नियम सांगते. अ‍ॅफ्रोडाइटीच्या एखाद्या लाडक्या मर्त्यावर सूड घेण्याचे आश्वासनही ती देते. म्हणजे या अन्यायाचा प्रतिकारही आणखी एका माणसाच्या मृत्यूनेच व्हावयाचा. आणि मग, मृत्यूचे दर्शन देवांना निषिद्ध असल्यामुळे, भक्ताचे प्राण जाण्यापूर्वी ती निघून जाते. मरणाऱ्या मुलाजवळ उरतो तो त्याला शाप देणारा, पण मर्त्य असलेला बाप; आणि मुलगा त्याला क्षमा करतो. या नाटकात देवीला जे करता येत नाही ते माणूस करतो, कारण माणसाला गमावणे माहीत असते.

भारतीय पुराणांच्या वाचकाला येथे एक वेगळेपण जाणवेल. अहल्येच्या कथेत इंद्राला गौतमाचा शाप भोगावा लागतो. वृंदेच्या आख्यानात विष्णूलाही शापातून सुटका नाही, आणि घरोघरी होणाऱ्या तुळशीच्या लग्नात त्या कथेची स्मृती आजही टिकून आहे. देवाला दंड करू शकेल अशी तपाची वा पातिव्रत्याची एक शक्ती तेथे गृहीत धरलेली आहे. ग्रीक कथाविश्वात माणसाच्या हाती असे शस्त्र नाही. तिकडे देवांना अडविणारी जी एक शक्ती आहे, ती वारसाहक्काची: मुलगा बापाला पदच्युत करतो. क्रोनसने युरेनसला केले, झ्यूसने क्रोनसला केले, आणि झ्यूसवरही ती पाळी येणार होती.

ती का आली नाही, याचे उत्तर थेटिसच्या कथेत आहे. पिंडरच्या आठव्या इस्थ्मियन स्तोत्रानुसार झ्यूस व पोसायडन हे दोघेही या सागरकन्येच्या अभिलाषेने एकमेकांचे प्रतिस्पर्धी झाले होते. तेव्हा तिच्या पोटी येणारा पुत्र पित्याहून समर्थ होईल, असे भाकित थेमिसने सांगितले. देवांनी तत्काळ निर्णय घेतला: थेटिसचा विवाह पेलिअस या मर्त्याशी लावून द्यावा, म्हणजे पुत्र पित्याहून समर्थ झाला तरी तो मरणाधीनच असेल. असा जो पुत्र झाला तो अकिलीझ. 'इलियड'मध्ये हे भाकित कोठेही सांगितलेले नाही. परंतु लॉरा स्लॅटकिन यांनी 'द पॉवर ऑफ थेटिस' या १९९१ मधील ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, महाकाव्याच्या तळाशी ते सतत वावरत असते. पहिल्या सर्गात अकिलीझ आईला आठवण करून देतो की, इतर देव झ्यूसला बांधून घालू पाहत असता तिनेच त्याला सोडविले होते. अठराव्या सर्गात ती हेफिस्टसजवळ तक्रार करते की, सर्व सागरदेवींमधून एकट्या तिलाच झ्यूसने माणसाच्या शय्येवर लोटले, तेही तिच्या इच्छेविरुद्ध. चोविसाव्या सर्गात झ्यूसचे बोलावणे येते तेव्हा अमर देवांत मिसळण्याची तिला लाज वाटते आणि ती सर्वांत काळे वस्त्र अंगावर घेते.

या काळ्या वस्त्राइतके अर्थपूर्ण असे काही ऑलिंपसच्या कथांमध्ये क्वचितच आढळेल. झ्यूसची सत्ता अबाधित राहिली, देवलोकात पुन्हा बंड झाले नाही, मेजवान्या व हास्य चालू राहिले. आणि या स्थैर्याची किंमत म्हणून एका मुलाला मर्त्य म्हणून जन्मावे लागले. देवांवरचे संकट टळले नाही, ते खाली ढकलले गेले. अकिलीझचा मृत्यू हा ऑलिंपसच्या शांततेचा दुसरा चेहरा आहे. ही गोष्ट जिला ठाऊक आहे व जिच्या देहावर ती घडली आहे अशी देवी एकच, थेटिस. ती अमर असल्यामुळे तिच्या शोकालाही अंत नाही. डिमीटरच्या दुःखाशी तिची तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. होमरच्या नावावर मोडणाऱ्या स्तोत्रात झ्यूसच्या संमतीने हेडीझ पर्सेफनीला पळवितो, तेव्हा डिमीटर धान्य उगवू देत नाही. माणसांची उपासमार होऊन यज्ञबली बंद पडतील या भीतीने झ्यूसला माघार घ्यावी लागते आणि मुलगी वर्षाचे दोन भाग आईकडे परत येते. डिमीटरपाशी संप करण्याचे सामर्थ्य होते. थेटिसपाशी झ्यूसने मान्य केलेली एक विनंती तेवढी होती, आणि त्या विनंतीनेच पॅट्रोक्लसचा व पर्यायाने तिच्या मुलाचा मृत्यू जवळ आणला.

नॉर्स कथांकडे येताना प्रारंभी आधारग्रंथांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. आइसलंडने ख्रिस्ती धर्म इ. स. १००० च्या सुमारास स्वीकारला; प्राचीन काव्यांचे मुख्य हस्तलिखित, 'कोडेक्स रेगिअस', तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे, आणि या कथांना सुसंगत गद्यरूप देणारा स्नोरी स्टर्लुसन (११७९–१२४१) स्वतः ख्रिस्ती होता. त्यामुळे पापाचा हिशेब व अंतिम विनाश ही कल्पना ख्रिस्ती संस्कारातून आली असावी, अशी शंका वारंवार घेतली जाते. ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु दहाव्या शतकात, राजा एरिक ब्लडॅक्सच्या मृत्यूनंतर रचल्या गेलेल्या स्तुतिकाव्यात ओडिनला विचारले जाते की, असा शूर राजा असता त्याने त्याला विजय का दिला नाही. आणि ओडिन उत्तर देतो की, भविष्याचा भरवसा नाही, करडा लांडगा देवांच्या घरांवर नजर लावून आहे. म्हणजे अंतिम युद्धाची भीती धर्मांतरापूर्वीच्या कवितेत स्पष्ट आहे. स्नोरीने धागे घट्ट विणले असतील, पण सूत त्याचे नव्हे.

या उत्तरातच ग्रीक व नॉर्स देवांमधील भेद सामावलेला आहे. ओडिनही भक्ताला दगा देतो, आणि त्या दृष्टीने तो अथीनाहून सज्जन नाही. परंतु त्याचा दगा भयातून आलेला आहे. त्याला योद्धे हवे आहेत, कारण त्याला स्वतःला मरावयाचे आहे.

देवांच्या प्रत्येक दोषाची बाकी या कथांत त्यांच्याच नावावर लिहिली जाते. देवनगरीची तटबंदी बांधण्यासाठी आलेला कारागीर मोबदला म्हणून फ्रेया देवी, सूर्य व चंद्र मागतो. लोकीच्या सल्ल्याने देव अट मान्य करतात, आणि काम पुरे होऊ लागताच लोकीकरवी कपटाने ते बंद पाडतात. शेवटी थॉर त्या कारागिराला ठार करतो. 'व्होलुस्पा' या काव्यात शपथा व करार मोडल्याचा उल्लेख येथेच येतो, आणि तेथून काव्य उतरणीला लागते. फ्रेय हा देव गेर्ड नावाच्या राक्षसकन्येवर मोहित होतो व तिला मिळविण्यासाठी आपली तलवार दूताला देऊन टाकतो. 'लोकासेन्ना'त लोकी त्याला हिणवितो की, अखेरच्या युद्धात त्याच्या हाती शस्त्र नसेल. आणि तसेच होते: सुर्तपुढे तो निःशस्त्र पडतो. ग्रीक कथेत प्रेमविव्हल देवाची फजिती होते. अरीज व अ‍ॅफ्रोडाइटी हेफिस्टसच्या जाळ्यात सापडतात, देव पोट धरून हसतात, दंडाची हमी पोसायडन घेतो व प्रकरण मिटते. फ्रेयचे प्रकरण मिटत नाही.

हास्याचा उल्लेख आलाच आहे, तर फेनरिरच्या कथेतील एक तपशील पाहण्यासारखा आहे. देवांनी स्वतः वाढविलेला हा लांडगा भयंकर होऊ लागल्यावर ते त्याला फसवून बांधू पाहतात. तो विश्वासाची खूण म्हणून एका देवाचा हात आपल्या तोंडात मागतो. ट्यूर उजवा हात देतो. लांडगा बंधनात सापडल्याचे पाहताच सर्व देव हसले, ट्यूर मात्र हसला नाही, असे स्नोरी सांगतो. त्याचा हात गेला होता.  स्नोरीच्या वाक्यात विनोद व वेदना इतक्या थोड्या शब्दांत एकत्र आल्या आहेत की, गद्यलेखक म्हणून त्याची थोरवी पटण्यास हे एक वाक्य पुरेसे व्हावे.

बाल्डरच्या मृत्यूपूर्वीही देव खेळत व हसत असतात. बाल्डरला अशुभ स्वप्ने पडू लागल्यावर त्याची माता फ्रिग अग्नी, जल, लोह, पाषाण, वृक्ष, रोग, पशू, विष या सर्वांकडून त्याला इजा न करण्याची शपथ घेते. मग देवसभेत त्याच्यावर शस्त्रे फेकण्याची करमणूक सुरू होते. लोकी स्त्रीवेष घेऊन फ्रिगकडे जातो, आणि ती त्याला सांगून टाकते की, मिसलटो नावाच्या एका लहानशा रोपाची शपथ घेतलेली नाही, कारण ते फार कोवळे वाटले. लोकी ते रोप आंधळ्या होडच्या हाती देतो, आणि भावाच्या हातून भाऊ मरतो. थेटिसने मुलाला स्टिक्स नदीत बुचकळले व टाच तेवढी कोरडी राहिली, ही कथा होमरला ठाऊक असल्याचे दिसत नाही. तिचा स्पष्ट उल्लेख पहिल्या शतकातील स्टॅशिअस या लॅटिन कवीकडे मिळतो. दोन कथांतील साम्य मात्र विलक्षण आहे. दोन्ही माता संपूर्ण संरक्षण देऊ पाहतात व दोघींच्या हातून एक जागा सुटते. फरक असा की, टाच हा अपघात आहे. मिसलटो सोडले गेले ते दयेने. कोवळ्या रोपाला शपथेत बांधण्याची गरज नाही, असे त्या आईला वाटले. फ्रिगच्या हातून घडलेला दोष हा तिच्या गुणाचाच भाग आहे, आणि त्याचा भोगही तिच्याच वाट्याला येतो.

येथे एक अडचण उभी राहते. 'लोकासेन्ना'त फ्रेया म्हणते की, फ्रिगला सर्वांचे भवितव्य ठाऊक आहे, जरी ती बोलून दाखवीत नाही. ठाऊक असेल तर ती शपथा का घेत फिरली? काव्य व गद्य ही दोन वेगळ्या परंपरांची फळे आहेत, असे सांगून अभ्यासक या विसंगतीची वासलात लावतात, आणि ऐतिहासिक दृष्ट्या ते बरोबरही असेल. परंतु वाचकाच्या मनात दोन्ही एकत्र आली की एक तिसरीच फ्रिग तयार होते: जे टळणार नाही हे जाणूनही दारोदार, दगडधोंड्यांकडे शपथ मागणारी आई. थेटिसही जाणते, मुलगा फार जगणार नाही हे तिने त्याला सांगितलेलेही आहे. पण थेटिसचे जाणणे एका मुलापुरते आहे. फ्रिग जे जाणते त्यात पतीचा, सर्व देवांचा व स्वतःच्या घराचाही शेवट आहे. 'व्होलुस्पा'त ओडिन लांडग्याशी लढावयास निघतो तेव्हा कवी त्याचे वर्णन न करता तिच्यावर दुसरे दुःख कोसळले असे म्हणतो. विश्वाचा अंत होत असताना मोजले जाते ते एका स्त्रीचे दुःख.

वाचकांच्या आवडीचा विचार करता फ्रिगपेक्षा फ्रेया व स्काडी या अधिक लोकप्रिय आहेत. राक्षसराजाकडे नवरी म्हणून जाण्यास सांगितल्यावर फ्रेया इतकी संतापते की तिच्या गळ्यातील हार गळून पडतो आणि अखेर थॉरलाच नवरीचा वेष घ्यावा लागतो, हा प्रसंग कोणाला आवडणार नाही? बापाच्या वधाचा जाब विचारण्यास शस्त्रे परजून देवनगरीत येणारी स्काडी तर आधुनिक मनाला विशेष भावते. तिचा न्योर्डशी झालेला विवाह, एकाला समुद्र व दुसरीला डोंगर प्रिय असल्यामुळे, मोडतो. या दोघी देवांच्या दोषांची वसुली करणाऱ्या आहेत. तथापि त्यांची वसुली नुकसानभरपाईने भागते. फ्रिगची भागत नाही.

मॅडलिन मिलर यांच्या 'सर्सी' (२०१८) या कादंबरीच्या शेवटी नायिका अमरत्व टाकून मर्त्य होणे पसंत करते. प्राचीन कथेत याला आधार नाही, म्हणून काही अभ्यासकांना हा शेवट खटकण्याचा संभव आहे. परंतु लेखिकेला ग्रीक देवत्वात जे उणे भासले ते नेमके हेच असावे: ज्याला काही गमवावे लागत नाही त्याच्या पश्चात्तापाला वजन येत नाही. 'सर्सी'चा शेवट ग्रीक द्रव्याला नॉर्स घाट देतो.

यावरून नॉर्स कथाविश्व नैतिक दृष्ट्या उच्चतर ठरविण्याचा मोह आवरलेला बरा. आंधळा होड निरपराध असून मारला जातो. मोल देवच चुकवितात म्हणून ते न्यायाने वाटले जाते असे नाही. शिवाय होमरच्या देवांचे निर्धास्त हास्य नसते, तर हेक्टरच्या मृत्यूला ते मोल आले नसते. माणसाचे एकच आयुष्य किती अमूल्य आहे हे दाखविण्यासाठी होमरला अनंत आयुष्याची उथळ माणसे हवी होती, आणि ती त्याने देवांमध्ये निर्माण केली. झेनोफेनीझ व प्लेटो यांना त्यातील धर्महानी दिसली. काव्याची गरज दिसली नाही.

दोन्ही मातांच्या कथांचा शेवट मात्र दोन भिन्न रीतींनी होतो. 'ओडिसी'च्या चोविसाव्या सर्गात अगॅमेम्नॉनचा आत्मा सांगतो की, थेटिस सागरकन्यांसह समुद्रातून वर आली, सतरा दिवस व सतरा रात्री देव व माणसे एकत्र रडली, आणि अकिलीझच्या अस्थींसाठी तिने सोन्याचा कलश दिला. 'व्होलुस्पा'त विनाशानंतर पृथ्वी पुन्हा समुद्रातून हिरवीगार वर येते. बाल्डर परत येतो, त्याला मारणारा होडही येतो, आणि दोघे ओडिनच्या जुन्या निवासात एकत्र राहतात. गवतात देवांचे जुने सोन्याचे पट-सोंगट्यांचे खेळ सापडतात. फ्रिग परत आली की नाही, याविषयी कवी काहीच सांगत नाही.